लिव्हरमोर ते डेथ व्हॅली आणि परत: चार दिवसांचे पाच झाले

आण्णा सहा महिन्यांसाठी इकडे कॅलिफोर्नियात आले तेव्हाच ठरवलं होतं की थँक्सगिव्हिंगच्या लांब वीकेंडला त्यांना विमानातून कुठंतरी लांब न्यायचं. विमान म्हणजे आमच्या क्लबचं चार सीटचं सेसना १७२, तासावर भाड्याने मिळतं. माझं लायसन होऊन चार वर्षं झाली, २६० च्या आसपास तास झालेत, पण इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही, म्हणजे ढगात किंवा धुक्यात शिरायची परवानगी नाही आणि तेवढं शिक्षणही नाही. हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं यावरच येऊन थांबतं. गुरुवारी निघायचं, रविवारी परत, सोमवारी ऑफिस असा प्लॅन. मी, प्राची आणि आण्णा. आण्णा कराड डेपोत एसटीचे मेकॅनिक होते, रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, वय ७१.

दिवस पहिला, गुरुवार

आदल्या रात्री बाथरूमच्या वजनकाट्यावर सगळ्यांना उभं केलं, मग बॅगा. आण्णांना हे फार आवडलं, म्हणाले ट्रकवाले असं करतील तर निम्मे घाट सुटतील. आमच्या विमानाला इंधन, माणसं, सामान सगळं धरून ८६० पौंड उचलता येतं. टाक्या फुल म्हणजे ५३ गॅलन, गॅलनला ६ पौंड, झाले ३१८. आम्ही तिघं मिळून २०७ किलो म्हणजे ४५६ पौंड. राहिले ८६, त्यात २७ किलो सामान बसलं आणि त्यातलं बरंचसं पाणीच होतं, कारण वाळवंटात उतरावं लागलं तर बाकी काही कामाचं नाही. चिवड्याचा मोठा डबा घरी राहिला, लहान डबा आला.

सकाळी साडेसहाला लिव्हरमोरला पोचलो तर पंखांवर दहिवर गोठून पांढरा खरखरीत थर बसलेला. आण्णा म्हणाले फडक्यानं पुसू की, त्यात काय. त्यांना सांगितलं की पंखाचा वरचा भाग गुळगुळीत असला तरच हवा त्याला नीट चिकटून वाहते, सँडपेपरसारखा एवढासा थरसुद्धा पुरतो, विमान धावपट्टीवरून कसंबसं उठतं आणि पुढं चढतच नाही. कोरड्या फडक्याने तो पूर्ण निघत नाही आणि गरम पाणी ओतलं तर ते खाली बिजागरीत जाऊन पुन्हा गोठतं. मग आम्ही तिघांनी विमान ढकलून शेपटी पश्चिमेला केली, सूर्य वर आला, पाऊण तासात सगळं वितळलं, उरलेलं पाणी टॉवेलने टिपलं. आठ ऐवजी पावणेनऊला निघालो.

त्या पाऊण तासात आण्णांनी विमान तपासलं. मी चेकलिस्ट वाचत होतो आणि ते माझ्यामागे हात पाठीशी बांधून फिरत होते. टाक्यांच्या खालच्या वाल्व्हमधून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढायचं असतं, रंग निळा दिसला पाहिजे आणि तळाला पाण्याचा थेंब नको, पाणी जड म्हणून खाली बसतं. ते त्यांनी स्वतः धरून उजेडात बघितलं. "डिझेलला पन असंच करायचो आमी, पावसाळ्यात." ऑइल, अॅलरॉनची (विमान कलवणाऱ्या पंखाच्या झडपांची) बिजागरी, प्रोपेलरच्या पात्यावर बोट फिरवून खड्डा आहे का, टायर. डाव्या टायरजवळ ते जरा जास्त थांबले, म्हणाले चालंल पण हवा कमी वाटतीय. गेज लावलं तर खरंच कमी होती. क्लबच्या पंपाने भरली.

निघायच्या आधी मी दोघांना बसवून पाच मिनिटं बोललो: दार कसं उघडायचं, अग्निशामक कुठंय, आणि जमिनीपासून हजार फुटांपर्यंत चढताना उतरताना कोणी गप्पा मारायच्या नाहीत, दुसरं विमान दिसलं तरच बोलायचं. प्राचीला वेगळं माहितीये, मला काही झालं तर विमान आडवं सरळ ठेवून रेडिओवर जी फ्रिक्वेन्सी लागलेली असेल तिथंच मदत मागायची, नाहीतर १२१.५, म्हणजे आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. हे तिने एका इन्स्ट्रक्टरबरोबर दोनदा करून बघितलंय. घरचं माणूस नेहमी शेजारी बसत असेल तर त्याला एवढं तरी शिकवाच, मी प्रत्येकाला सांगतो.

सॅन वाकीन व्हॅलीवरून ७,५०० फुटांवर दोन तास सरळ आग्नेयेला. खाली बदामाच्या बागा, कालवा, पुन्हा बागा. हीटर लावला होता. या विमानात हीटरची हवा एग्झॉस्टच्या पाइपाभोवतून गरम होऊन येते, त्या पाइपाला चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये, वास नाही रंग नाही, माणूस पेंगतो आणि संपलं. म्हणून बॅटरीवर चालणारा डिटेक्टर मी स्वतःचा ठेवतो, तो शून्य दाखवत होता. बेकर्सफील्ड डावीकडे टाकून टेहाचापीच्या खिंडीतून पलीकडे, डोंगरावर शेकडो पवनचक्क्या, ज्या हळू फिरत होत्या म्हणजे वारा कमी. इन्योकर्नला उतरून टाक्या पुन्हा काठोकाठ भरल्या, कारण डेथ व्हॅलीत पेट्रोल मिळेल असं गृहीत धरायचं नव्हतं. सँडविच खाल्ली, सव्वाला पुन्हा वर.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात जास्त आवडलं. पॅनामिंट रेंज ओलांडायला ९,५०० फूट चढलो, आण्णांच्या बोटाला कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर लावून ठेवला होता, ९१ ते ९२ दाखवत होता, डोकं दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. डावीकडे टेलिस्कोप पीक, ११,००० फुटांच्या वर, टोकाला बर्फ. आणि डोंगर ओलांडला की जमीनच नाही, खाली दोन मैल खोल पांढरी मिठाची दरी. मग गोल गोल चकरा मारत उतरायला लागलो. इंजिन एकदम थंड पडू नये म्हणून पॉवर थोडी थोडी कमी करत. ५,००० झालं, २,००० झालं, शून्य आलं आणि अल्टिमीटरचा काटा शून्याच्या खाली गेला. फर्नेस क्रीकची धावपट्टी समुद्रसपाटीच्या २१० फूट खाली आहे, त्यामुळे काटा उलटा फिरून ९,७९० वर येतो, जणू आपण दहा हजार फुटांवर धावपट्टीला टेकतोय. टॉवर नाही, रेडिओवर आपणच आपली जागा सांगत उतरायचं. टेकलो. आण्णा काही बोलले नाहीत, पट्टा सोडल्यावर आधी खाली उतरून त्यांनी चाकं बघितली.

दिवस दुसरा, शुक्रवार

हा दिवस जमिनीवरचा. जीप भाड्याने घेतली, बॅडवॉटर (२८२ फूट खाली), झॅब्रिस्की पॉइंट, संध्याकाळी वाळूचे डोंगर. जगातलं सगळ्यात जास्त नोंदलेलं तापमान, ५६.७ सेल्सिअस, १० जुलै १९१३ चं, ते इथलंच. आम्ही गेलो तेव्हा दुपारी स्वेटर काढावासा वाटला एवढंच. फोटो भरपूर आहेत.

संध्याकाळी विमानाकडे एक चक्कर मारली. मी बांधलेली दोराची गाठ आण्णांनी सोडून परत बांधली, टपावरचं सामान बांधतात तशी. रात्री हवामान बघितलं. शनिवारी प्लॅन होता ओवेन्स व्हॅलीतून बिशपला जायचं, वाटेत माउंट व्हिटनी, १४,५०० फूट, डाव्या खिडकीतून दिसतो. वरच्या वाऱ्याचा अंदाज १२,००० फुटांवर सकाळी पश्चिमेकडून २५ नॉट (ताशी साधारण ४६ किलोमीटर), दुपारनंतर ४५, मागून वादळ येतंय. डोंगराच्या माथ्यावर २५ च्या वर वारा असेल तर छोट्या विमानाने त्या डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला फिरकू नये, हे मला इन्स्ट्रक्टरने पहिल्याच डोंगरी फ्लाइटला सांगितलंय. म्हणजे काठावरच. ठरवलं, साडेआठला निघायचं, दहाच्या आत बिशपमध्ये.

दिवस तिसरा, शनिवार

साडेआठला निघालो नाही. सूर्योदय बघायला परत झॅब्रिस्कीला गेलो, तिथं वेळ गेला, नाश्त्याला रांग होती, सव्वादहाला चाकं उचलली. ही माझी चूक आणि ती मी लॉगबुकातही तशीच लिहिलीय. काल रात्रीचं गणित साडेआठच्या वाऱ्याचं होतं आणि मी ते सव्वादहालाही तसंच धरलं, नव्याने अंदाज उघडून बघितला नाही.

१०,५०० फुटांवर पॅनामिंट ओलांडेपर्यंत छान होतं. पुढं ओवेन्स लेक दिसलं. हे तळं आता जवळपास कोरडंच, १९१३ साली लॉस एंजेलिसने इथलं पाणी कालव्याने पळवलं तेव्हापासून. त्याच्या तळावरून पांढरी धूळ उठून पूर्वेकडे वाहत होती. ती बघूनच पोटात खड्डा पडला. मग सिएराच्या, म्हणजे दरीच्या पश्चिमेच्या डोंगररांगेच्या, वर बघितलं तर एकावर एक ठेवलेल्या गुळगुळीत ताटल्यांसारखे ढग, जागचे हलत नाहीत. त्यांना लेंटिक्युलर म्हणतात. पश्चिमेचा वारा सिएरावर आदळून वर जातो आणि पलीकडे ओढ्यात दगडाच्या पुढं पाणी जसं खाली पडून परत उसळतं तसा लाटा करतो. वरच्या लाटेत ग्लायडरवाले मजेत चढतात, १९५२ मध्ये बिशपहून निघालेलं ग्लायडर ४४,२५५ फुटांवर गेलं होतं. पण खाली लोळ फिरतो, त्याला रोटर म्हणतात, आणि १९५५ मध्ये याच दरीवर एक संशोधनाचं ग्लायडर त्याने हवेतच तोडलं, पायलट पॅराशूटने वाचला.

ढग ओळखून मी वळायचं ठरवतच होतो तेवढ्यात विमान खाली जायला लागलं. पडलं वगैरे नाही, आवाज तोच, नाक तिथंच, फक्त काटा मिनिटाला ७०० फूट खाली दाखवतोय. पूर्ण पॉवर दिली तरी ७००. अशा वेळी हात आपोआप दांडा मागे ओढायला जातो, आणि ओढला की स्पीड पडतो, स्पीड पडला की पंख हवा सोडतो. मी दांडा थोडा पुढं ढकलला, ९० नॉट धरले (१०५ च्या वर जायचं नाही, हादऱ्यात ढाचा वाचवायला) आणि उजवीकडे वळलो, सिएराला पाठ करून पूर्वेकडे, मग दक्षिणेला. पहिला हादरा वळतानाच बसला. मागच्या सीटवर आण्णांचं डोकं छताला लागलं, पट्टा जरा सैल होता. प्राचीने मागे हात करून तो आवळला. साधारण दोन मिनिटांत १,३०० फूट गेले, आणि मग जसं सुरू झालं तसंच थांबलं. दरी खाली चार हजारांच्या आत आहे म्हणून जागा होती. डोंगराच्या कुशीत असतो तर नसती.

जोशुआ अप्रोच म्हणून या भागाचे कंट्रोलर आहेत, त्यांना सांगितलं की बिशप रद्द, इन्योकर्नला जातोय, हवा खराब आहे. त्या बाईंनी इतक्या शांतपणे तिथला वारा वाचून दाखवला की माझाही आवाज खाली आला. २७० वरून, म्हणजे थेट पश्चिमेकडून, २२ नॉट, झोत ३० चे. इन्योकर्नला तीन दिशांच्या तीन धावपट्ट्या आहेत, त्यातली पश्चिमेची जवळपास वाऱ्याला सरळ. झोताच्या फरकाचा निम्मा म्हणजे चार नॉट स्पीडमध्ये जास्त धरले, फ्लॅप (उतरताना खाली करायच्या पंखाच्या झडपा) कमी, आणि उतरलो. टेकल्यावर एका झोताने पंख उचलला तेव्हा ब्रेक जरा जोरात दाबला गेला, डावा टायर किंचाळला.

रिजक्रेस्टच्या मोटेलमध्ये झोप येत नव्हती. स्टीव्ह फॉसेटची आठवण येत होती. बलूनमधून एकट्याने पृथ्वी फिरलेला, २००५ मध्ये विमानातून एकट्याने कुठंही न थांबता फिरलेला माणूस, ३ सप्टेंबर २००७ ला नेवाडातून एका छोट्या दोन सीटच्या विमानातून सहज चक्कर मारायला निघाला आणि गायब झाला. अवशेष सापडले वर्षानंतर, मॅमथ लेक्सजवळ, बिशपपासून फार लांब नाही. एनटीएसबीने, म्हणजे इथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, कारण दिलं की खाली ओढणारी हवा त्या विमानाच्या चढायच्या ताकदीपेक्षा जास्त होती. त्याच्या अनुभवापुढे माझे २६० तास म्हणजे काय. आण्णा शेजारच्या खाटेवर जागेच होते. डोक्याला टेंगूळ आलं होतं, मी बर्फ लावला. म्हणाले, "तू सकाळी घड्याळ बघत हुतास नव्हं का सारखं? मला तवाच बोलाय पायजे हुतं." मी त्यांना म्हटलं, आण्णा, पुढच्या वेळी बोला. प्रवाशाने बोललंच पाहिजे, पायलटला राग आला तर येऊ दे.

दिवस चौथा, रविवार

वादळ रात्रीत निघून गेलं, सकाळी आकाश धुतल्यासारखं, वारा शून्य. मला वाटलं सुटलो. अर्ध्या तासात टेहाचापीच्या वर आलो आणि खिंडीतून पलीकडे बघितलं तर सॅन वाकीन व्हॅली नाहीच. कडेपासून कडेपर्यंत पांढरं सपाट, वर ऊन. इकडे याला टुली फॉग म्हणतात. वादळाने जमीन भिजवली, मागून आभाळ मोकळं झालं, रात्री जमीन गारठली, आणि डोंगरांच्या वाटीत ती थंड ओली हवा साचून बसली. बेकर्सफील्डला दृश्यमानता पाव मैल. टेहाचापीचं एअरपोर्ट ४,००० फुटांवर, धुक्याच्या वर, तिथं उतरलो आणि थांबलो.

दहा वाजले, अकरा वाजले, एक वाजला. लिव्हरमोर मात्र मोकळं दाखवत होतं. म्हणजे वरून उडत जाऊन पलीकडे उतरणं नियमात बसत होतं, खाली ढग असले तरी चालतं. प्राचीची सोमवारी सकाळी मोठी मीटिंग, माझं काम तुंबलेलं, विमान क्लबमधल्या दुसऱ्या कोणाचं तरी सोमवारी दुपारचं बुकिंग. एक बॉनान्झा विमान आलं, पेट्रोल भरून निघूनही गेलं, त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग असणार. मी दोनदा विमानापर्यंत जाऊन आलो.

आण्णांनी विचारलं, मधेच इंजिन बंद पडलं तर? तर धुक्यात उतरायचं. आणि मला त्यात उडता येत नाही. इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये प्रयोग केला होता, २० पायलट, ढगात उडायचं शिक्षण नसलेले, त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही असं ठेवलं. सगळ्या २० जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांगतो आपण सरळ आहोत आणि विमान वळत वळत खाली जात असतं.

मग आण्णा कुंभार्ली घाटाचं सांगायला लागले, चिपळूणहून कराडला येणारी रात्रीची गाडी, श्रावणातलं धुकं, ड्रायव्हरला काच दिसेना तेव्हा कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीच्या पुढं चालायचा आणि गाडी त्याच्या मागनं, पहिल्या गिअरमध्ये, अख्खा घाट. थोडं थांबून म्हणाले, "हितं फुडं चालाय कोन हाय?"

दोन वाजता मी मॅनेजरला मेसेज टाकला, क्लबला फोन केला. क्लबवाल्यांनी एक प्रश्न विचारला नाही, दुसऱ्या माणसाला दुसरं विमान दिलं. डोकं हलकं झाल्यावर नकाशा नीट बघितला तर एक वाट होती: व्हॅलीत जायचंच नाही, डोंगरांच्या दक्षिणेने गोर्मन, मग कुयामा व्हॅली, पासो रोब्लेस, आणि सॅलिनस व्हॅलीतून वर. किनाऱ्याकडचा भाग मोकळा होता. पण अंधार पावणेपाचला, अडीच तासांची वाट आणि शेवटचा तुकडा डोंगरातून रात्रीचा. उद्या.

तिथं भेटलेल्या एका म्हाताऱ्या पायलटने पिकअपमधून आम्हाला टेहाचापी लूप बघायला नेलं. १८७६ मधली रेल्वे, चढ जमावा म्हणून रूळ डोंगराभोवती पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच वरून जातात. मालगाडी आली, इतकी लांब की तिचं इंजिन वर पोचलं तेव्हा खालच्या बोगद्यातून तिचेच डबे अजून जात होते. आण्णांनी त्या माणसाला खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून इंजिन लावतात ते हातवारे करून सांगितलं, त्याला ते सगळं कळलं.

दिवस पाचवा, सोमवार

धुकं तसंच. आम्ही नऊला निघालो, ८,५०० फुटांवर, उजवीकडे डोंगरापलीकडे ते पांढरं दिसत राहिलं, आमच्या खाली मात्र सतत रस्ता, शेत, कोरडी नदी, काहीतरी उतरता येईल असं. निघायच्या आधी पुन्हा अंदाज उघडला, आणि दर अर्ध्या तासाला आण्णा मागून विचारत होते, वारं काय म्हणतंय. पासोला पेट्रोल घेतलं, गरज नव्हती तरी. सॅलिनस व्हॅली, हॉलिस्टर, आणि पाऊण वाजता लिव्हरमोर.

फ्लाइट प्लॅन बंद केला (विसरलं तर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो), विमान ढकलून जागेवर लावलं. प्राची पार्किंगमधूनच मीटिंगच्या उरलेल्या भागाला लागली. मी चाव्या ठेवायला निघालो तर आण्णांनी हाक मारली. डाव्या टायरशी उकिडवे बसले होते. शनिवारी ब्रेक दाबला गेला होता तिथं रबराला रुपयाएवढा सपाट चट्टा पडलेला, आतली कापडी दोरी अजून दिसत नव्हती पण लांब नव्हती. म्हणाले, याचं रजिस्टर असंल ना? आहे, म्हटलं, स्क्वॉक शीट म्हणतात. मी लिहायला लागलो. पुढचा पायलट कोण ते त्यांनी विचारलं, मला माहीत नव्हतं. "मग नीट लिव्ह," म्हणाले, आणि मी चट्टा कुठल्या बाजूला, किती मोठा, कधी पडला, सगळं लिहीपर्यंत तिथंच उभे राहिले.